ओव्हरहॉल केलेला ट्रॅक्टर चढावर का थांबतो?
डिझेल पुरवठ्यातील दोष शोधण्याची रीत

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते



या अंकात लागणीवर किंवा खोडव्यावर न लिहिता आम्ही ट्रॅक्टरवर लिहीत आहोत, याचे काहींना नवल वाटेल. शेतकी खात्याचा आणि फिटरच्या कामाचा काय संबंध, असेही कोणी म्हणेल. पण तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे, हे आम्ही प्रत्येक गटसभेत सांगत असतो. तो फडातून काट्यापर्यंत येतो ट्रॅक्टरच्या मागे. ट्रॅक्टर रस्त्यात उभा राहिला की उसाचे वजन घटते, उतारा घटतो, टोळी फडात बसून राहते आणि मुकादम आमच्या नावाने बोटे मोडतो. तेव्हा संबंध आहेच.

२०२३-२४ च्या हंगामात आमच्या एका गटात घडलेली गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. एका सभासदाने दसऱ्याच्या आधी आपला जुना ट्रॅक्टर पूर्ण खोलून बांधून घेतला. लायनर-पिस्टन नवे, बेअरिंगे नवी, व्हॉल्व्ह घासले, नॉझल तपासले, वर झकास रंगही मारला. रिकामा ट्रॅक्टर बंगल्यापुढे घड्याळासारखा चालायचा. नांगरटीच्या एका तासातही काही तक्रार नाही. पण दोन भरलेले ट्रेलर जोडून फडातून निघाला, की साधारण तीन किलोमीटरवर, ओढा ओलांडून चढ लागला, की इंजिनचा आवाज बसायचा, गचके खायचे आणि बंद! थोडा वेळ थांबून स्टार्टर मारला की पुन्हा सुरू. मग आणखी तीन किलोमीटर.

मेकॅनिकने आधी नॉझल बदलले. फरक नाही. मग पंप काढून शहरात कॅलिब्रेशनला पाठवला. दोन दिवस गेले, पैसे गेले ते वेगळेच. परत तोच चढ आणि तेच गचके. आम्हाला विचारले तेव्हा आम्हीही छातीठोकपणे सांगितले की डिझेल बॅरलमधले आहे, फिल्टर तुंबला असणार. फिल्टर बदलला. तरीही तेच. या भानगडीत एक खेप दोन रात्री रस्त्याकडेला उभी राहिली.

शेवटी कोडे सुटले ते ड्रायव्हरच्या एका वाक्याने. तो चिटबॉयला म्हणाला, "झाकण काढून टाकीत काडी घातली, की गाडी लगेच चालती. नुसतं थांबलं, तर अर्धा तास लागतो." हे ऐकल्यावर आम्ही त्याला सांगितले, की पुढच्या वेळी थांबली की बाकी काही करू नको, फक्त झाकण उघड आणि कान दे. त्याने उघडले, तर टाकीने 'फुस्स' करून हवा आत ओढली. झाकणाला हवेसाठी जे बारीक भोक असते, ते रंग मारताना रंगाने बुजले होते. टाकीतून डिझेल जात होते, पण त्याच्या जागी हवा येत नव्हती. आत पोकळी झाली, की फीड पंपाला डिझेल ओढेना. रिकामे चालताना डिझेल थोडे लागते म्हणून तेव्हा कळत नव्हते. सुईने भोक मोकळे केले. पंप आणि नॉझल यांचा काही दोष नव्हता.

ही फजिती एकट्या त्या सभासदाची नाही, आमचीही आहे. नव्याने बांधलेल्या इंजिनात दोष शोधताना सगळे जण महागाच्या भागाकडे आधी धावतात. शोधायचे असते ते टाकीपासून, डिझेल ज्या वाटेने जाते त्याच वाटेने.

ती वाट आपण एकदा डोळ्यांपुढे आणू. टाकीच्या तळाला तोटी असते आणि बऱ्याच ट्रॅक्टरना तिच्याखाली पाणी-गाळ साठण्याची काचेची वाटी असते. तेथून नळी फीड पंपाला जाते. फीड पंप डिझेल ओढतो आणि एक किंवा दोन फिल्टरमधून पुढे ढकलतो. मग मोठा पंप, ज्याला आपण नुसते 'पंप' म्हणतो. तो प्रत्येक सिलिंडरला मोजून आणि वेळ साधून डिझेल देतो. तेथून जाड लोखंडी पाइप नॉझलपर्यंत जातात. नॉझलमधून डिझेल धुक्यासारखे फवारते आणि उरलेले परतीच्या बारीक नळीने टाकीकडे किंवा फिल्टरकडे जाते.

आता आपल्या विहिरीवरच्या पंपाची आठवण करा. सक्शन पाइपला बारीक चीर असली तर तेथून पाणी गळत नाही, हवा आत ओढली जाते आणि पंप पाणी सोडतो. डिलिव्हरी पाइपला चीर असली तर कारंजे उडते आणि लगेच दिसते. ट्रॅक्टरमध्ये हुबेहूब तेच आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत सक्शन, तेथून पुढे डिलिव्हरी. पुढच्या भागात दोष असला तर डिझेलचा ओघळ दिसतो. मागच्या भागातला दोष इंजिन चालू असताना दिसत नाही, कारण तेथे हवा आत जात असते. मात्र टाकी उंचावर असल्यामुळे रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या त्याच जोडाखाली सकाळी थेंब सापडतो. म्हणून सकाळी इंजिन चालू करण्याआधी बॅटरी घेऊन खाली वाकून बघावे. संध्याकाळी धूळ पुसून ठेवली असेल, तर ओला डाग चटकन कळतो.

ओव्हरहॉल झालेल्या ट्रॅक्टरला हवा धरण्याचा त्रास जास्त का होतो? कारण प्रत्येक जोड नुकताच खोललेला असतो. नळ्यांच्या टोकाला जे पोकळ बोल्ट असतात (बॅंजो बोल्ट म्हणतात ते), त्यांच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर लागतात. आवळल्यावर तांबे दाबले जाते आणि कडक होते. तेच वॉशर पुन्हा टाकले तर नीट बसत नाहीत. नवे टाकावेत. अगदी मिळालेच नाहीत तर जुने वॉशर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावेत, तांबे मऊ पडते. ही युक्ती तांबटाच्या पेठेतली आहे, पण नडीला उपयोगी येते. काही ठिकाणी मेकॅनिक जोडावर गॅस्केटची पेस्ट फासतात. डिझेलच्या वाटेवर ती नको. तिचा जास्तीचा तुकडा आत निघतो आणि कोठे जाऊन बसेल याचा नेम नसतो.

रबरी नळीचेही तसेच. वरून चांगली दिसणारी जुनी नळी आतून सुटते आणि सुटलेली साल पडद्यासारखी आडवी येते. डिझेल हळू ओढले तर वाट मिळते, जोरात ओढले की पडदा बंद. लक्षण तेच, रिकामा चालतो आणि भरलेला थांबतो. इंजिनावर हजारो रुपये घालणाऱ्याने दीड हात नळीत काटकसर का करावी, हे आम्हाला आजवर कळलेले नाही.

आता प्रत्यक्ष शोध कसा घ्यायचा ते पाहू. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: तक्रार बांधल्याच्या पहिल्या दिवसापासून आहे, की चार दिवस चांगला चालून मग सुरू झाली? पहिल्या क्षणापासून स्टार्ट व्हायला जड, पांढरा धूर, ठोका, ओढ नाही, असे असेल तर पंपाचे टायमिंग एखादा दात पुढेमागे बसले असण्याचा संशय घ्यावा. ते काम मेकॅनिकचे. पण आधी चांगला चालून मग थांबत असेल, तर पुरवठ्यात अडथळा आहे असे समजून टाकीपासून सुरुवात करावी.

दुसरा प्रश्न धुराचा. स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून काहीच धूर येत नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी प्रथम बंद करण्याची केबल पाहावी. ओव्हरहॉलनंतर ती नीट जोडली नसली तर दांडी अर्धवट ओढलेलीच राहते आणि पंप डिझेल देत नाही. आमच्या माहितीतल्या एका ट्रॅक्टरची अर्धा दिवस एअर काढणे चालले होते आणि दोष होता केबलचा. पांढरा धूर येत असेल तर डिझेल येते आहे पण जळत नाही, म्हणजे टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. आणि काळा धूर ओकत असेल तर डिझेल कमी पडत नाही, उलट हवा कमी पडते आहे किंवा डिझेल जास्त जाते आहे. तेव्हा एअर फिल्टर झाडावा. हंगामात फडाच्या वाटेवरची धूळ किती असते ते काय सांगायचे!

पुरवठ्याचाच दोष आहे अशी खात्री झाली, की झाकणाची परीक्षा प्रथम घ्यावी, कारण तिला पैसा लागत नाही. झाकण सैल ठेवून (धूळ जाऊ नये म्हणून वर स्वच्छ फडके बांधून) तो चढ चढून बघावा. झाकण हरवले म्हणून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधणारेही आहेत. त्यांना हीच अडचण येते.

झाकण निर्दोष असेल तर टाकीची तोटी बघावी. फीड पंपाकडे जाणारी नळी सोडून खाली स्वच्छ डबा धरावा. सलग धार पडली पाहिजे. धार सुरुवातीला चांगली आणि मग बारीक होत गेली, तर टाकीत काहीतरी तोंडावर येऊन बसते आहे. रंगाचा किंवा गंजाचा पापुद्रा, उसाचे पाचट, मेकॅनिकच्या हातातली चिंधी, काय वाटेल ते निघते. ट्रॅक्टर थांबला की ओढ थांबते, कचरा बाजूला तरंगतो आणि पुन्हा सुरू होतो. म्हणून 'थोडं थांबलं की चालतो' हे लक्षण कोणी सांगितले, की आमचा संशय टाकीवर आणि झाकणावर जातो. पंप खराब असता तर दहा मिनिटांच्या विश्रांतीने बरा झाला नसता.

आणखी एक खात्रीची परीक्षा आहे. पाच लिटरचा स्वच्छ डबा फीड पंपाच्या वर, पण सायलेन्सरपासून दूर, घट्ट बांधावा. त्यातून एक पारदर्शक नळी थेट फीड पंपाला जोडावी आणि ट्रॅक्टर चालवून बघावा. ही फक्त तपासणीपुरती सोय, अशा डब्यावर खेप आणू नये. आता ट्रॅक्टर ओढत असेल, तर दोष टाकी, तोटी किंवा मागच्या नळीत. तरीही थांबत असेल तर दोष पुढे, म्हणजे फीड पंप, फिल्टर किंवा त्यापुढे. मग टाकीची मूळ नळी काढून तिच्या जागी हीच पारदर्शक नळी टाकावी. बुडबुडे पळताना दिसले, तर हवा तिच्या मागे, तोटीच्या जोडाजवळ शिरते आहे. या एका नळीमुळे निम्मा तर्क वाचतो.

फिल्टरबद्दल थोडे. कागदी फिल्टर धुऊन पुन्हा वापरू नये. धुतल्याने कागद फुगतो, फाटतो आणि गाळ पुढे जातो. पंपाच्या आतल्या दांड्यात आणि नळकांड्यात जे अंतर असते, ते दोन-तीन मायक्रॉनचे असते. माणसाचा केस त्याच्या वीस-पंचवीस पट जाड असतो. तेव्हा डोळ्यांना न दिसणारी मातीसुद्धा पंपाला पुरते. ओव्हरहॉलनंतर पहिला फिल्टर लवकर बदलावा, कारण नळ्यांतला आणि टाकीतला सुटा कचरा पहिल्या काही दिवसांतच तेथे येऊन बसतो. फिल्टर बसवताना वरचे-खालचे रबरी वॉशर जुने काढले का, हे बघावे. जुन्यावर नवे चढवले तर ते तिरपे बसते आणि तेथून गळते.

आता एअर काढण्याची रीत. टाकी निम्म्याच्या वर भरून घ्यावी आणि फिल्टरचा वरचा भाग स्वच्छ पुसावा. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करून फीड पंपाचा हातपंप मारीत राहावे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग काचेसारखी सलग धार. हातपंप चालू ठेवूनच स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळले तर पुन्हा हवा आत घेते. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू, याच क्रमाने. गोल, म्हणजे रोटरी पंपाला असे दोन स्क्रू असतात, खालचा आधी आणि वरचा नंतर सोडावा. पुष्कळदा हातपंपाची दांडी ढिली लागते, ओढच धरत नाही. पंप बिघडला असे समजू नये. आतला कॅम नेमका उंच जागी थांबलेला असतो. इंजिन थोडे फिरवले, की दांडीला जोर येतो. एवढे करूनही सुरू न झाल्यास नॉझलकडच्या पाइपचे नट एकेक आटा सैल करावेत आणि स्टार्टर मारून डिझेल उसळू लागले की आवळावेत. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही तापतात.

एअर एकदा काढली आणि पुन्हा पुन्हा धरत असेल, तर रोज एअर काढणे हा इलाज नव्हे. कोठून तरी ती आत येते आहे. जागा शोधलीच पाहिजे.

येथे एक धोक्याची सूचना, आणि ती नीट वाचावी. नॉझलकडे जाणाऱ्या पाइपांत दाब प्रचंड असतो. साध्या ट्रॅक्टरचे नॉझलसुद्धा साधारण २०० किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या आसपास उघडते. त्या पाइपातून किंवा नॉझलच्या तोंडातून उडणारी बारीक फवार कातडी फोडून आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण आतले मांस सडते आणि बोट, प्रसंगी हात जाऊ शकतो. असे झाले तर हळद लावून घरी बसू नये. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जाऊन 'डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगावे. गळती शोधायला हात न वापरता पुठ्ठा धरावा. नॉझल बाहेर काढून हवेत मारून दाखवणारे वस्ताद आहेत. त्यांच्यासमोर तरी उभे राहू नका.

पंपाबद्दल आमचे मत थोडे कडक आहे. ओव्हरहॉल झाला की 'पंप वाढवून घ्या, ओढ चांगली येईल' असा सल्ला कोणी ना कोणी देतोच. पंपाचे सील तोडून डिझेल वाढवले, की दोन दिवस ट्रॅक्टर तेजीत चालतो, काळा धूर काढतो आणि नवे पिस्टन तापून जातात. आधीच नव्या इंजिनाला सुमारे ५० तास हलके काम द्यायला हवे असते आणि आपण दिवाळी झाली की थेट दोन ट्रेलर जोडतो. म्हणून बांधकाम श्रावणातच उरकावे. श्रावणात मेकॅनिकही मोकळा असतो आणि भाव करायला वाव असतो.

इंजिन ऑइलची काडी रोज बघावी. ऑइल कमी होण्याऐवजी वाढत असेल तर आनंद मानू नका. फीड पंपाचा पडदा फाटून किंवा पंपाचे सील जाऊन डिझेल ऑइलमध्ये उतरते आहे. बोटावर घेतले तर पातळ लागते, वासही येतो. असा ट्रॅक्टर लगेच बंद ठेवावा. नवी बेअरिंगे जायला एक खेपसुद्धा पुरते.

डिझेल बॅरलमध्ये ठेवणाऱ्यांनी बॅरल थोडे तिरपे ठेवावे, आणल्यावर एक दिवस हलवू नये आणि तळचे चार बोटे डिझेल टाकीत ओतू नये. जस्ताच्या, म्हणजे गॅल्व्हनाइझ्ड डब्यात डिझेल साठवू नये, जस्ताची डिझेलशी प्रक्रिया होऊन फिल्टर तुंबवणारा चिकट गाळ तयार होतो. टाकी सकाळऐवजी संध्याकाळी भरावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या थंडीने दव धरते आणि ते पाणी खाली उतरते. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषात हे हमखास होते. काचेची वाटी सकाळी तपासली, तर पाणी खाली वेगळे दिसते.

हे सारे जुन्या, साध्या पंपाच्या ट्रॅक्टरसाठी. २०२३ सालापासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले आणि त्यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरना कॉमन रेल पद्धतीचा पुरवठा आला आहे. त्यात दाब साध्या ट्रॅक्टरच्या कितीतरी पट असतो. अशा ट्रॅक्टरचा नॉझलकडचा पाइप रस्त्यावर कधीही सोडू नये. झाकण, टाकी आणि पाणी साठण्याची वाटी एवढे बघून कंपनीचा माणूस बोलवावा.

ट्रॅक्टर रस्त्यात थांबलाच तर चढावर आधी दोन्ही ट्रेलरच्या चाकांना दगड लावावेत, मग बॉनेट उघडावे. मागे लाल फडके आणि अंधार असेल तर दिवा लावावा. तासाभरात दोष सापडत नसेल तर गट ऑफिसला वाहन क्रमांक, चिठ्ठीचा क्रमांक आणि जागा कळवावी. जवळपासचा दुसरा ट्रॅक्टर पाठवून ट्रेलर ओढून आणण्याचा प्रयत्न करता येतो, पण तो दुपारी कळवल्यास. रात्री अकराला कळवून पहाटेच्या नंबराची अपेक्षा धरू नये.